तबकात ठेवलेलं पान

‘चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ हे वाक्य मी माझ्या हातानं इतक्या वेळा लिहिलं आहे, की आजही कुणी नवा पेन चालवून बघायला दिला तर कागदावर आधी माझं नाव येत नाही, हे वाक्य येतं. बायको हसते. नोकरी अंगात भिनली म्हणते. भिनली असेल. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत चर्चा झालेली मी एकदाही ऐकली नाही. तिथं जे काही व्हायचं ते एका पितळी तबकात व्हायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिकडे पाहावं तिकडे ‘सहकारी’ शब्दाच्या पाट्या लागत होत्या, आणि त्यांचा रंगही अजून ओला वाटायचा. आमच्या गावाबाहेरचा जुना जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, शेतकऱ्यांच्या संस्थेनं असाच चालवायला घेतला होता. दिवाळी झाली की उंद्रीकडून, जानेफळकडून कापसाच्या गाड्या यायला लागत. शिगोशीग भरलेल्या गाड्या दुपारच्या उन्हात एकामागे एक उभ्या, बैल सोडलेले, गाडीवान गाडीच्या सावलीत आडवे झालेले. हवेत रुईचे तंतू तरंगत असायचे. ते खाली कधी पडायचे कुणास ठाऊक. भुवयांवर, चहाच्या कपावर, शाईच्या दौतीवर, जिथं पाहावं तिथं त्यांचा पातळ थर असायचा. मला तो काळ आठवतो तो असाच, पांढऱ्या झिरझिरीत पडद्यामागून. त्यातली माणसं हळू चालतात, आणि बोलतात तेव्हा ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

आवाज मात्र एकच खणखणीत आहे. इंजिनाचा.

ते तेलावर चालणारं जुनं इंजिन होतं. माणसाच्या उंचीहून मोठं चाक, त्यावरून रुंद पट्टा, आणि त्या एका पट्ट्याच्या जोरावर आतले सगळे रेचे, म्हणजे कापूस ओढून सरकी वेगळी काढणारी यंत्रं, फिरायची. धुराड्यातून ठोका निघायचा तो गावभर जायचा. ठुक, ठुक, ठुक. आमची आई त्या ठोक्यावर भाकरी थापायची. तिला ते माहीत नव्हतं. एकदा मी तिला सांगितलं, तर म्हणाली, “काही तरीच सांगून राह्यला.” आणि पुन्हा त्याच ठोक्यावर थापायला लागली.

त्या इंजिनाचे चालक माझे बाबा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. पण जेवायला घरी आले असताना, घास हातात धरून ते मधेच थांबायचे, मान किंचित तिरकी करायचे आणि म्हणायचे, “पट्टा ढिला होऊन राह्यला.” मला तर ठोक्यात काही फरक कळायचा नाही. ते ताट तसंच ठेवून चालू लागायचे. आई मागून ओरडायची, “जेवून तं जा!” आणि मग पाच-दहा मिनिटांनी मलाही वाटायचं, की हो, आता आवाज जरा मोकळा झाला. खरंच झालेला असायचा का, की बाबा गेलेत म्हणून मला तसं वाटायचं, हे मी आजही सांगू शकत नाही.

मी मॅट्रिक झालो आणि बाबांनी मला जिनाच्या ऑफिसात चिकटवलं. चिकटवलं हाच शब्द बरोबर आहे. धुतलेली टोपी घालून ते अध्यक्षांपुढे उभे राहिले होते. पुढच्या सभेत तबक फिरलं आणि मी कारकून झालो. तेव्हा या तबकाविषयी आता नीट सांगायला हवं.

संस्थेचे संचालक नऊ. अध्यक्ष धरून नऊ. महिन्या-दोन महिन्यांनी सभा भरायची, ऑफिसमागच्या लांबट खोलीत. मधे टेबल, भोवती खुर्च्या, आणि कोपऱ्यात दाराजवळ माझं स्टूल. संस्था निघाली तेव्हाच्या पहिल्याच सभेत म्हणे इतकं भांडण झालं, की दोघांच्या टोप्या खिडकीतून बाहेर गेल्या. तेव्हा एका म्हाताऱ्या संचालकानं तोडगा काढला. तोंड उघडलं की तोंड सुटतं, तर तोंड उघडूच नका. ठराव वाचायचा, मग विड्यांचं तबक फिरवायचं. ठराव पसंत असेल त्यानं विडा उचलावा. नसेल त्यानं तबक पुढं सरकवावं. तबकात एकसुद्धा विडा मागं राहिला, तर तो विषय त्या दिवसापुरता संपला. पुढच्या सभेपर्यंत कुणी ‘का’ म्हणून विचारायचं नाही. तो म्हातारा वारला, पण रीत राहिली. संस्थेच्या नियमांच्या पुस्तकात तिचा कुठं उल्लेख नव्हता, आणि पुस्तकात होते ते नियम कुणी वाचलेले नव्हते.

शिपाई बरोब्बर नऊ विडे लावायचा, लवंग टोचून. तबक अध्यक्षांच्या डाव्या हातापासून निघायचं आणि सगळ्यांकडून फिरत शेवटी अध्यक्षांपुढं यायचं. मी आदल्या दिवशीच ठराव वहीत उतरवून ठेवलेला असायचा, ‘सर्वानुमते’सकट. फक्त वेळेची जागा कोरी. कारण तीन वर्षांत मागं राहिलेला विडा मी दोनदाच पाहिला होता.

दोन्ही वेळा काय झालं तेही पाहिलं होतं. ज्यानं विडा ठेवला त्याच्या गावी आठवड्याच्या आत अध्यक्षांची जीप गेली. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, पिकापाण्याची चौकशी केली, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. सभेचा विषय एका शब्दानं काढला नाही म्हणतात. पुढच्या सभेला तबक रिकामं परत आलं. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणायचे. माणूस मोठा मवाळ. चढ्या आवाजात बोलताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच सगळे त्यांना भीत असत. ओरडणाऱ्या माणसाला निदान उलट ओरडता येतं. भाऊ “तुम्हाले काय वाटते?” असं इतक्या आदरानं विचारत, की आपल्याला काय वाटतं हे त्यांनाच विचारून घ्यावं असं वाटायचं. मला ते फार आवडायचे. हे आत्ता लिहायला जड जातंय, पण आवडायचे.

संचालकांत एक उंद्रीचे होते. लहान शेतकरी, मोजकं बोलणारे, उन्हानं काळे पडलेले. मी त्यांना काका म्हणायचो. ते पान खात नसत. तरी विडा मात्र न चुकता उचलायचे आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधायचे. घरी काकूंना द्यायला. बाकीचे त्यावरून थट्टा करायचे. “काकूचा हिस्सा बांधला काय?” ते म्हणायचे, “हाव.” एवढंच. ते अध्यक्षांच्या उजवीकडं, अगदी शेवटच्या खुर्चीवर बसत, म्हणजे तबक त्यांच्याकडून थेट अध्यक्षांकडं जायचं.

त्या वर्षी रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब आले. आधी खड्डे आले, मग खांब आडवे येऊन पडले, मग एके दिवशी उभे राहिलेले दिसले. बाबा जाता-येता त्यांच्याकडं पाहायचे. एकदा जेवताना म्हणाले, “मोटर येनार म्हनतात.”

“येईल,” मी म्हणालो. मला ठाऊक होतं. ठरावाचा मसुदा अध्यक्षांनी मला आधीच सांगितला होता. होळीनंतर हंगाम संपला की इंजिन काढायचं, उन्हाळ्यात विजेची मोटर बसवायची, आणि इंजिनचालकाची जागा रद्द करायची.

मला एक कबूल करायला हवं. ठराव चूक नव्हता. मोटरच बरी होती, सगळीकडं तेच होत होतं. बाबांचंही मोटरीशी वैर नव्हतं. त्यांचं मागणं एवढंसं होतं. ते त्यांनी त्या दिवशी ताटावरच मला सांगितलं.

“एक हंगाम दोन्ही ठेवा म्हना. आर्धे रेचे मोटरीवर, आर्धे इंजनावर. तेवढ्यात मी मोटर शिकून घेतो. मंग काढा ना इंजन. मी काय अडवून राह्यलो?”

“मी कसं सांगू बाबा? मी कारकून.”

“तूच तं लिव्हतं ना ठराव. त्यात एक ओळ टाकून दे.”

मी हसलो. तेवीस वर्षांच्या मुलाला आपल्या बापाच्या अडाणीपणाचं हसू येतं तसं हसलो. लिहिणाऱ्याला काही ठरवता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “बरं. मंग मीच पाह्यतो.”

त्यांनी काय पाहिलं ते मला नंतर कळलं. उंद्रीच्या काकांची गाडी कापूस घेऊन आली होती, तेव्हा बाबा इंजिनघरातून तेलकट हात पुसत बाहेर आले आणि गाडीच्या जुवाला टेकून त्यांच्याशी बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण बाबा हिशेब करून बसले होते. एक विडा तबकात राहिला, की विषय पुढच्या सभेवर जातो. हंगाम संपला की उन्हाळ्यात सभा भरत नसे, पुढची थेट मृगाच्या तोंडावर. तोवर उन्हाळा संपलेला. पावसाळ्यात इंजिनघराचं छप्पर उघडून कुणी काम काढत नाही. म्हणजे पुढचा हंगाम इंजिनाशिवाय निघतच नाही. एका विड्यात एक हंगाम होता.

सभा फाल्गुनातल्या एका दुपारी झाली. ती दुपार मी इतक्या वेळा आठवली आहे, की आता तिच्यातलं काय घडलं आणि काय मी नंतर घातलं हे वेगळं काढता येत नाही. खिडकीतून ऊन आत आलेलं होतं आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात रुईचे तंतू वर-खाली होत होते. मागून इंजिनाचा ठोका येत होता. मी उभा राहून ठराव वाचला. वाचताना माझं वाक्य नकळत त्या ठोक्यावर पडायला लागलं. ‘इंजिनचालकाचे पद,’ ठुक, ‘यापुढे आवश्यक नसल्याने,’ ठुक. माझेच बाबा तिकडं तो ठोका धरून होते, आणि मी इकडं त्याच्यावर त्यांचा ठराव म्हणत होतो. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

तबक निघालं. एकेक हात पुढं येऊन विडा उचलत होता. कुणी लवंग काढून आधी तोंडात टाकली, कुणी विडा तसाच गालात सारला. तबक उंद्रीच्या काकांपुढं आलं तेव्हा त्यात दोन विडे होते. काकांनी तबकाकडं पाहिलं. हात पुढं केला. तो हात तबकाच्या काठाला लागला आणि त्यांनी तबक अलगद अध्यक्षांपुढं सरकवलं.

भाऊंनी आपला विडा उचलला. तबकात एक राहिला.

बोलायची रीतच नव्हती. सात जणांचे जबडे हलायचे थांबले तेवढे मला दिसले. भाऊ त्या विड्याकडं बघत होते, जराही न रागावता, जणू तो किती नीट लावलाय हेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि खोलीच्या कोपऱ्यात, माझ्याकडं पाहिलं. हसले.

“बाबू,” ते म्हणाले, “तीन वर्सं झाले तुम्ही आमच्या सभेत उभे आहा. आमी खातो, तुम्ही पाह्यता. हे काही बरं नाही. या इकडं.”

मी गेलो. त्यांनी तबक दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरलं. अध्यक्षांनी, स्वतः, दोन्ही हातांनी.

“घ्या. तुमचाही मान आहे.”

आज मी कितीही म्हणालो की मला कळलं नाही, तरी ते खरं नाही. पुरतं खोटंही नाही. त्या क्षणी माझ्या मनात एक वाक्य अगदी तयार होऊन आलं: काका पान खातच नाहीत, उरलेलंच आहे. एवढं सोयीचं वाक्य मला आयुष्यात पुन्हा सुचलं नाही. आणि त्याच्या खाली, खोल, कान तापेपर्यंत आनंद होत होता. टेबलाभोवतीची नऊ माणसं माझ्याकडं बघत होती आणि भाऊंच्या हातातलं तबक माझ्यासाठी थांबलं होतं. मी विडा उचलला. तोंडात टाकला. त्यात गुलकंद होता.

“झालं,” भाऊ म्हणाले. रिकामं तबक त्यांनी टेबलावर ठेवलं. “लिव्हा बाबू.”

मला फक्त वेळ लिहायची होती. बाकी लिहिलेलंच होतं. मी तोंडात पान घोळवत वेळ लिहिली, आणि मागं इंजिन चालूच होतं.

सभा संपल्यावर काका फाटकातून बाहेर पडताना दिसले. ते एस.टी. स्टँडकडं चालत निघाले होते. उपरण्याचं टोक मोकळं होतं. ते दिसताच मी त्यांच्या मागं पळालो.

“काका! काका, थांबा ना.”

ते थांबले. तोंडात अजून पान असल्यामुळं मला नीट बोलता येईना.

“मले वाटलं, तुम्ही खात नाही म्हणून… मले वाटलं ते उरलं.”

“तीन वर्सं झाले,” ते म्हणाले, “एकदा तरी तबकात सोडलं काय मी?”

मी तोंडातलं पान गालात सारलं.

“उरलेलं नव्हतं ते. ठेवलेलं होतं. तुह्या बापासाठी ठेवलं होतं. अन् काऊन खाल्लं बे तू?”

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून ते विचारत होते. मी म्हणालो, “मग तुम्ही तिथंच काऊन नाही बोलले?”

“त्या खोलीत मी कधी बोललोच नाही,” ते म्हणाले. “आज तोंड उघडाले गेलो तं आवाजच नाही निघाला.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जाय घरी. पन तोंड धुऊन जाय.”

मी जिनाच्या हौदावर गेलो. चुळा भरल्या, बोटानं जीभ घासली, सदऱ्याच्या बाहीनं ओठ पुसले. गुलकंदाची चव काही जाईना. विडा रंगला होता, आणि चांगलाच रंगला होता.

इंजिन बंद करून बाबा संध्याकाळी घरी आले तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. त्यांना ठराव काय झाला ते ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि ते माझ्या तोंडाकडं बघतच राहिले.

“पान खाल्लं तू?”

“हो.”

“सभेतलं?”

“हो. भाऊंनी दिलं.”

“भाऊनं? त्याच्या हातानं?”

मी मान हलवली. बाबांचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं बोलवेना. ते आत गेले. “आयकलं काय,” आईला सांगताना मला ऐकू आलं, “आपल्या पोराले सभेत पान भेटलं. भाऊनं हातानं देल्लं!” चाळीस वर्षं त्या माणसानं इंजिन चालवलं होतं आणि त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्याचा मुलगा तिथं पान खाऊन आला होता. यापुढं मी काय सांगणार?

ठराव त्यांना दुसऱ्या दिवशी कळला. शिपायानं सांगितला. ते मला एवढंच म्हणाले, “काकानं उचललं वाटते पान.” मी हो म्हणालो. माझ्या बापाशी मी तेवढं एकच खोटं बोललो, पण ते खोटं दुसऱ्याच्या माथी मारून बोललो. याची लाज मला त्या पानाहूनही जास्त वाटते. बाबा म्हणाले, “असंल. त्याचीबी काही अडचन असंल.” आणि उंद्रीच्या काकांविषयी त्यांनी पुढं कधी वाकडा शब्द काढला नाही.

होळीनंतर हंगाम संपला. इंजिन थांबलं त्या दिवशी बाबांनी चाक पुसलं, कोरड्या फडक्यानं, आरे एकेक करून. त्याआधी ते पूर्ण थांबायला बराच वेळ लागला. पट्टा काढला तरी चाक आपलं फिरतच होतं, हळू, आणखी हळू, आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. शेवटी ते थांबलं की नाही हे कुणाला सांगता आलं नसतं. बाबांनी त्याच्यावर तळवा ठेवला, तेव्हा आम्हाला कळलं की थांबलं.

भाऊंनी बाबांना रस्त्यावर सोडलं नाही, हेही सांगायला हवं. फाटकावर जागा दिली. गाडी आली की बांबू वर करायचा, गेली की खाली. खाकी कोट मिळाला. बाबा स्टूल टाकून बसत ते कारखान्याकडं पाठ करून. मोटर आतमधे एकसारखी गुणगुणत राहायची. तिच्यात ठोका नव्हता. काही बिघडलं तरी बाबांना कळायचं नाही, आणि कुणी त्यांना विचारायचंही नाही. घरी जेवताना मात्र ते कधीकधी अजून घास हातात धरून थांबत, मान तिरकी करत. मग जेवायला लागत. आईच्या भाकऱ्या त्या वर्षी वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. तिला वाटलं पीठ वाईट आलं.

सभांमध्ये तबक फिरतच राहिलं. भाऊंनी मला पुन्हा कधी पान दिलं नाही. गरज पडली नसावी. काकांचा विडा पुढं कधी तबकात राहिला नाही. ते उचलायचे, उपरण्याला बांधायचे, आणि जाताना माझ्याकडं बघायचे नाहीत. मी ‘सर्वानुमते’ लिहीत राहिलो. अक्षर सुधारत गेलं.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मुलगी धाड गावची, मांडवही तिथंच. दुपारी पंगती उठल्यावर वडीलधारी मंडळी झाडाखाली सतरंजीवर बसली होती. बाबा मधे, खाकी कोटाऐवजी नवा सदरा घातलेले. व्याह्यांना ते आपली नेहमीची गोष्ट सांगत होते. ती ते कुणालाही सांगत. फाटकावर थांबलेल्या गाडीवानांना, एस.टी.त शेजारी बसलेल्याला. इंजिनाची नव्हे. इंजिनाविषयी ते बोलतच नसत.

“सभा भरलेली,” बाबा सांगत होते, “नऊचे नऊ बसलेले. अन् अध्यक्षानं सोता तबक उचललं, माह्या पोरापुढं धरलं. म्हने घ्या, तुमचाही मान आहे. दोन्ही हातानं देल्लं!”

मी मुंडावळ्या बांधून जवळच उभा होतो. उंद्रीचे काका त्याच सतरंजीच्या कडेला बसलेले मला तेव्हाच दिसले. त्यांना बोलावणं मीच पाठवलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. व्याही त्यांच्याकडं वळून म्हणाले, “तुम्ही तं संचालक. तुम्ही पाह्यलं असंल.”

आता हा माणूस बोलणार, आणि बोलला तर त्यात एक शब्द खोटा असणार नाही.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“हाव,” ते म्हणाले. “पाह्यलं ना. मी तिथंच होतो. खरं आहे मिस्त्री सांगते ते.”

बाबा हसले. “अन् तुमचीबी तवा काही अडचन असंल,” ते काकांना म्हणाले, हलक्या आवाजात, फक्त त्यांनाच समजेल असं. “म्या मनात नाही ठेवलं.”

काकांना ते कळायला क्षणभर वेळ लागला. मी बापाला काय सांगितलं होतं, ते त्यांना तेव्हा उमगलं. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर आले आणि तिथं थांबले. मी मान खाली घातली.

“हाव,” ते म्हणाले. “होती अडचन.”

तेवढ्यात लग्नाचं तबक फिरत आलं. काकांनी त्यातला एक विडा उचलला. मला वाटलं आता उपरण्याला बांधतील. त्यांनी तो बाबांच्या हातावर ठेवला आणि बाबांची बोटं त्याच्यावर मिटवली.

“अन् तुमाले?” बाबा म्हणाले.

“मी खात नाही,” काका म्हणाले. “हे तुमचंच आहे.”

बाबांनी ते पान तिथंच तोंडात टाकलं आणि व्याह्यांना गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.